चार सीटचं विमान, चार माणसं आणि ४६ किलो

मी पोटापाण्यासाठी कोड लिहिते आणि उरलेल्या वेळात (आणि उरलेल्या पगारात) कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर विमानतळावरून छोटं विमान उडवते. दोन वर्षांपूर्वी प्रायव्हेट पायलटचं लायसन्स मिळालं. तेव्हापासून घरी फोन केला की एकच प्रश्न यायचा, "आम्हाला कधी बसवतेस?" गेल्या जुलैत आई-बाबा आले, न्यू जर्सीहून मावशीही आली, आणि तो शनिवार उजाडला.

छोट्या विमानातून घरच्यांना नेणं म्हणजे नेमकं काय करावं लागतं, हे या लेखात सांगणार आहे. फोटोत दिसतं ते हेडफोन लावलेलं हसरं कुटुंब. त्यामागचं गणित आणि घरच्यांना म्हणावा लागणारा "नाही" फोटोत येत नाही. मला विचाराल तर उडवण्यापेक्षा तो "नाही" अवघड आहे.

आधी विमानाची ओळख

आम्ही नेणार होतो ते सेसना १७२. जगात सगळ्यात जास्त संख्येनं बनलेलं विमान हेच. पंख वरच्या बाजूला, समोर एक इंजिन, आत चार सीट. आमचं 'एस' मॉडेल, १८० हॉर्सपॉवरचं. क्लबकडून तासावर भाड्यानं मिळतं, तासाला दोनशे डॉलरच्या आसपास. विमान जितका वेळ चालू तितकेच पैसे, पेट्रोल त्यातच.

पैशांचा विषय निघालाच आहे तर एक नियम सांगते. अमेरिकेत प्रायव्हेट लायसन्सवर भाडं घेऊन कुणाला नेता येत नाही. खर्च वाटून घेता येतो, पण पायलटनं निदान स्वतःचा वाटा तरी भरायलाच हवा. म्हणजे चौघं असू तर चौथा हिस्सा माझाच. बाबा पाकीट काढून "सगळे मीच देतो" म्हणाले तेव्हा मला त्यांना कायदा ऐकवावा लागला. त्यांना ते फारच आवडलं. "म्हणजे सरकारच तुला खर्च करायला लावतं!"

दुसरा नियम असा की प्रवासी बसवायचे असतील तर गेल्या ९० दिवसांत निदान तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग केलेली असायला हवीत. रात्री न्यायचं असेल तर ती तीनही रात्रीची आणि प्रत्येक वेळी पूर्ण थांबून. माझ्या मते तीन म्हणजे फारच कमी. मी आई-बाबा यायच्या आधीच्या दोन आठवड्यांत एकटीनं बारा केली.

भारतातही डीजीसीएचं प्रायव्हेट पायलट लायसन्स असतंच. वय किमान १७, उड्डाणाचे किमान ४० तास, आणि त्यावरही भाडं घेता येत नाही. जेआरडी टाटांनी १९२९ साली मिळवलेलं लायसन्स भारतातलं पहिलं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं.

बाथरूममधला वजनकाटा

आता मुख्य मुद्दा. चार सीटच्या विमानात चार माणसं बसतात का? उत्तर आहे, कधी कधी.

या विमानाचं टेकऑफच्या वेळचं जास्तीत जास्त वजन २५५० पौंड, म्हणजे ११५७ किलो. आमच्या विमानाच्या कागदांवर रिकामं वजन साधारण ७७० किलो लिहिलंय. उरले ३८७ किलो. माणसं, सामान आणि पेट्रोल, सगळं यात बसवायचं. दोन्ही पंखांतल्या टाक्या पूर्ण भरल्या तर वापरता येण्याजोगं पेट्रोल ५३ गॅलन, म्हणजे सुमारे २०० लिटर, आणि वजन १४४ किलो. मग माणसांसाठी राहिले फक्त २४३ किलो. खात्यापित्या घरची चार माणसं त्यात बसत नाहीत, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

म्हणून पेट्रोल कमी घ्यायचं. टाकीच्या तोंडात आत एक पत्र्याची खूण असते. तिथपर्यंत भरलं की दोन्ही टाक्या मिळून ३५ गॅलन, ९५ किलो. विमान तासाला साधारण ९ गॅलन खातं, त्यामुळे तासा-दीड तासाच्या फेरीला हे भरपूर झालं. दिवसा उडताना ठरलेल्या ठिकाणी पोचून वर अर्धा तास पुरेल इतकं पेट्रोल शिल्लक असावं असा नियम आहे. मी स्वतः एक तासाचं धरते.

शुक्रवारी रात्री मी वजनकाटा बाहेर काढला. मावशी म्हणाली, "साठ लिही." काटा म्हणाला बहात्तर. तिच्या मते काटा अमेरिकन होता. विनोद सोडा, पण तोंडी सांगितलेलं वजन कधीही धरू नका. लोक खोटं बोलतात असं नाही, त्यांना पाच वर्षांपूर्वीचं वजन आठवत असतं. आणि कपडे-बुटांसकट मोजा, कारण विमानात आपण बूट घालूनच बसतो. मी ५८, बाबा ८४, आई ६८, मावशी ७२, हेडसेट, पाणी आणि आईचा डबा धरून सामान ७. एकूण २८९. त्यात ९५ किलो पेट्रोल, झाले ३८४. तीन किलो शिल्लक! जमलं.

एककं मात्र सांभाळा. विमानाची कागदपत्रं पौंडात, घरचा काटा किलोत, पेट्रोल गॅलनमध्ये. १९८३ साली एअर कॅनडाचं एक बोइंग ७६७ किलो-पौंडांच्या घोळात जेमतेम निम्मं इंधन घेऊन निघालं आणि हवेतच दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते तसंच तरंगत नेऊन उतरवलं, सगळे वाचले. आपण मराठी माणसं किलोत विचार करतो, म्हणून मी प्रत्येक आकडा शेजारी शेजारी दोन्हींत लिहिते.

नुसतं एकूण वजन बसून भागत नाही. ते कुठे बसलंय हेही बघावं लागतं. विमान म्हणजे एक तराजूच समजा. इंजिनामागच्या पत्र्यापासून अंतर मोजतात. पुढच्या सीट ३७ इंचांवर, मागच्या ७३ इंचांवर, सामान त्याहून मागे. प्रत्येक वजनाला त्याच्या अंतरानं गुणायचं, बेरीज करायची, एकूण वजनानं भागायचं. येतो तो गुरुत्वमध्य. पूर्ण वजनाला तो ४१ ते ४७.३ इंचांच्या मध्येच हवा. म्हणजे अख्ख्या विमानाचा तोल जेमतेम सोळा सेंटीमीटरच्या पट्टीत! मध्य फार पुढे गेला तर लँडिंगला नाक वर उचलत नाही. फार मागे गेला तर ते जास्त वाईट, कारण नाक वरच जाऊ पाहतं आणि विमान एकदा का स्टॉल झालं की सावरणं कठीण होतं. आमचा आकडा आला ४५ च्या आसपास. छान.

सकाळी टाक्या भरलेल्या

शनिवारी सकाळी साडेआठला विमानतळावर पोचलो. शिडीवर चढून टाकीचं झाकण उघडलं आणि पोटात गोळा आला. पेट्रोल काठोकाठ. आदल्या संध्याकाळी ज्यानं विमान नेलं होतं त्यानं परत आल्यावर चांगुलपणानं टाक्या फुल करून ठेवल्या होत्या. बुकिंगमध्ये मी "खुणेपर्यंतच" लिहिलं होतं, पण ते त्यानं वाचलं नसावं.

हिशेब पुन्हा केला. २८९ अधिक १४४, म्हणजे ४३३. मर्यादा ३८७. ४६ किलो जास्त.

पेट्रोल काढून टाकता येत नाही का? येतं, पण त्याला माणूस आणि साधनं लागतात, आणि शनिवारी सकाळी दोन्हीपैकी काही नव्हतं.

बाबा शेजारी उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "अगं, सेहेचाळीस किलो म्हणजे गव्हाचं एक पोतंसुद्धा नाही. चेतकवर आपण चौघं आणि वर गॅस सिलिंडर नेलाय." खरं होतं ते. मी पुढे उभी असायचे, दादा मध्ये, आई मागे सिलिंडर धरून.

इथे मला खरं सांगायला हवं. ४६ किलो जास्त घेऊन ते विमान बहुतेक उडालंच असतं. धावपट्टी लांब, सकाळची थंड हवा. पण हाच तर फसवा भाग आहे. टेकऑफला किती अंतर लागेल, किती वेगानं वर चढेल, कुठल्या वेगाला स्टॉल होईल, हे सगळे तक्ते मॅन्युअलमध्ये ११५७ किलोपर्यंतच दिलेत. त्यापुढे काय होईल ते कुणी लिहून दिलेलं नाही. प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना सांगायचं तर हे 'अनडिफाइन्ड बिहेविअर'. कोड तुमच्या लॅपटॉपवर चालतोय म्हणजे तो बरोबर आहे असं नाही. आणि टेस्टिंगसाठी मी आईला बसवणार नव्हते.

त्यात उन्हाची भर. लिव्हरमोर समुद्रसपाटीपासून फक्त ४०० फुटांवर आहे, पण जुलैतल्या दुपारी तापमान ३६ अंशांवर जातं तेव्हा हवा इतकी विरळ होते की विमानाला वाटतं आपण ३००० फुटांवर आहोत. याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. विरळ हवेत पंख कमी उचलतात, पंखा कमी ओढतो आणि इंजिनलाही कमी श्वास मिळतो. तिन्ही एकदम. म्हणून आम्ही सकाळचीच वेळ घेतली होती, आणि "दुपारपर्यंत थांबू, काहीतरी मार्ग निघेल" हा पर्याय उलट जास्त वाईट होता.

मग तोडगा काढला. दोन फेऱ्या. पहिली आई आणि मावशीची, जवळच्या जवळ. दुसरी आई-बाबांची, ठरल्याप्रमाणे समुद्रकाठच्या हाफ मून बे विमानतळापर्यंत. मावशीला समुद्र मिळणार नव्हता. तिला हे सांगताना मला कसंतरीच झालं, चार हजार किलोमीटरवरून आली होती बिचारी. ती म्हणाली, "बहात्तर किलो माझेच आहेत ना, मग मीच खाली राहते." सगळे हसले. मी हसले नाही फारशी.

बसायच्या आधी काय सांगायचं

सीटबेल्ट कसा लावायचा आणि सोडायचा हे सांगणं नियमानं बंधनकारक आहे. पण घरच्यांसाठी खरी गरज असते ती आवाज समजावून सांगण्याची. पायलटला रोजचे वाटणारे आवाज नवख्या माणसाला अपघाताचे वाटतात.

उदाहरणार्थ, उतरताना चाकं टेकायच्या जरा आधी या विमानात जत्रेतल्या पिपाणीसारखा आवाज येतो. तो स्टॉलचा इशारा. हवेच्या दाबावर चालणारी साधी पत्तीची शिट्टी आहे ती, आणि जमिनीपासून फूटभरावर ती वाजणं म्हणजे लँडिंग चांगलं होतंय. न सांगता वाजली तर मागची माणसं देवाचं नाव घ्यायला लागतात. तसंच दार. १७२ चं दार कधी कधी हवेत थोडं उघडतं. आवाज मोठा होतो, वारा येतो, पण विमान उडत राहतं. "उघडलं तर कुणीही ओढू नका, मला नुसतं सांगा," एवढं बजावून ठेवायचं.

तिसरं म्हणजे बोलणं. सगळ्यांच्या कानाला हेडसेट आणि आवाज एकत्र येतात. टेकऑफ, लँडिंग आणि रेडिओवर कुणी बोलत असताना शांत राहायचं असं मी दोनदा सांगितलं. तरी टॉवर मला धावपट्टी देत असताना आईनं कानात विचारलंच, "सकाळपासून काही खाल्लंस का गं?" मला टॉवरला परत विचारावं लागलं.

मळमळीचं आधीच बघा. उपाशीपोटी नेऊ नका आणि भरल्यापोटीही नेऊ नका. ज्याला गाडी लागते त्याला पुढे बसवा आणि दूर क्षितिजाकडे बघायला सांगा. ऊन तापलं की जमिनीवरून गरम हवेचे झोत उठतात आणि हिसके बसतात, सकाळी ते नसतात. आईनं आलेपाकाच्या वड्या आणल्या होत्या, त्या विमानात ठेवायलाच हव्यात अशी वस्तू. पिशव्याही ठेवा, पण दिसतील अशा नको. वळणं हळू घ्या. परीक्षेत मी ४५ अंशांवर झुकवून वळवलंय, घरच्यांना पंधरा अंश पुरतात.

"इंजिन बंद पडलं तर?" हा प्रश्न बाबांनी विचारलाच. उत्तर टाळू नका. विमान दगडासारखं पडत नाही. १७२ एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढे जातं. ३००० फुटांवर असलो तर वारा नसताना आठ किलोमीटरच्या टप्प्यातलं शेत किंवा रस्ता आपल्याला मिळतो. म्हणून उंची राखायची आणि खाली सतत जागा बघत राहायचं. पण "मोठ्या विमानाइतकंच सुरक्षित आहे" असं मी त्यांना सांगितलं नाही, कारण ते खरं नाही. छोट्या विमानाचा धोका साधारण मोटरसायकलच्या जवळपासचा धरतात. हे ऐकून, विचार करून बसायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं. आणखी एक, विम्याची पॉलिसी वाचा. प्रवासी विमा आणि आयुर्विमा यांच्या बऱ्याच पॉलिसींत खासगी छोट्या विमानातला प्रवास वगळलेला असतो, बारीक अक्षरांत.

डोंगरापलीकडचा पांढरा समुद्र

पहिली फेरी मस्त झाली. द्राक्षांचे मळे, अल्टामाँट खिंडीतल्या पवनचक्क्या, अर्ध्या तासात परत. मावशी उतरल्यावर पाच मिनिटं काही बोललीच नाही, आणि ज्यांना मावशी माहीत आहे त्यांना याचा अर्थ कळेल.

साडेदहाला दुसरी फेरी. हाफ मून बे हवेतून अर्ध्या तासावर. अडचण एकच, उन्हाळ्यातलं धुकं. तिथला पॅसिफिक थंड असतो, आतला प्रदेश तापलेला. तापलेली हवा वर उठते आणि समुद्रावरचा थंड, ओलसर थर आत ओढला जातो. रोज सकाळी किनाऱ्यावर ढगांचं झाकण बसतं, कधी दहाला निघतं, कधी दिवसभर निघत नाही. निघताना फोनवर बघितलं तर ढग विरळ होताहेत असं दिसत होतं.

तरी मी गाडीतच बाबांना सांगून ठेवलं होतं. वाटेत डोंगराच्या अलीकडे क्रिस्टल स्प्रिंग्ज नावाचा लांबट तलाव लागतो. तलावावर पोचल्यावर पलीकडची किनाऱ्याची जमीन दिसली तर पुढे, नाहीतर तिथूनच मागे. वर गेल्यावर चर्चा नाही.

तलावावर पोचलो. डोंगरमाथ्यावरून कापूस सांडावा तसं धुकं अलीकडे उतरत होतं. हाफ मून बेचं हवामान सांगणारं यंत्र रेडिओवर एकसुरी आवाजात म्हणालं, सहाशे फुटांवर सलग ढग. एका ठिकाणी मात्र भोक होतं आणि त्यातून निळं पाणी दिसत होतं. बाबा म्हणाले, "तिथून जरा खाली जाऊन बघ ना. आलोच आहोत इथपर्यंत."

मला ढगात उडवायचं लायसन्स नाही, ते वेगळं असतं. आणि त्याला कारण आहे. आपल्या कानाच्या आत द्रवानं भरलेल्या तीन नळ्या असतात, त्या वळण ओळखतात. पण एकसारखं वळत राहिलं की वीसेक सेकंदांत तो द्रवही बरोबर फिरायला लागतो आणि मेंदूला वाटतं आपण सरळ चाललोय. बाहेर क्षितिज दिसत असेल तर डोळे ही चूक सुधारतात. ढगात सुधारणारं कुणी नसतं. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठानं असं प्रशिक्षण नसलेल्या २० जणांवर प्रयोग केला, बाहेरचं काही न दिसता फक्त उपकरणांवर उडवायला लावलं. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी वेळ, १७८ सेकंद.

१६ जुलै १९९९ ला जॉन केनेडी ज्युनिअर पत्नी आणि मेहुणीला घेऊन रात्री साडेआठनंतर न्यू जर्सीहून निघाले. मेहुणीला मार्थाज व्हिनयार्ड बेटावर सोडून पुढे नात्यातल्या लग्नाला जायचं होतं. रात्र, धुरकट हवा, खाली काळं पाणी, क्षितिज नाही. तपासाचा निष्कर्ष होता की त्यांचा दिशाभ्रम झाला आणि विमानावरचा ताबा गेला. तिघंही गेले. ढगातलं लायसन्स त्यांच्याकडेही नव्हतं. घरच्यांना वेळेवर पोचवायचं हे ओझं त्या निर्णयात किती होतं कोण जाणे, पण मला तलावावर त्या क्षणी ते ओझं अगदी किलोत मोजता येईल इतकं जाणवत होतं. एकटी असते तर मागे वळायला मला दोन सेकंद लागले नसते. बाबा शेजारी होते म्हणून पाच-सहा लागले, आणि त्या पाच-सहा सेकंदांची मला अजून भीती वाटते.

"बाबा, तलाव आला," एवढंच म्हणाले आणि विमान वळवलं. पंधरा अंशांत. ते काही बोलले नाहीत. मागून आईनं आलेपाकाची वडी पुढे केली.

लिव्हरमोरला उतरताना पिपाणी वाजली. आधी सांगितलं होतं म्हणून आईनं टाळ्या वाजवल्या. विमान बांधलं, टायर आणि पंखा बघितला, वहीत तास लिहिले. मावशी विमानतळाच्या कुंपणाशी बाकावर डबा उघडून बसली होती. थालीपीठं गार झाली होती.

"कसा होता समुद्र?" तिनं विचारलं.

"पांढरा," बाबा म्हणाले, आणि थालीपीठाचा तुकडा मोडून माझ्या हातात दिला.